दांडा दाबण्याआधी: फ्रेंच प्रेसमध्ये घरी चांगली कॉफी कशी करावी

कॉफी करण्याच्या साधनांमध्ये फ्रेंच प्रेसइतके सरळ साधन क्वचितच असेल. काचेचे एक उभे भांडे, झाकणातून आरपार गेलेला दांडा आणि त्या दांड्याच्या टोकाला धातूची बारीक जाळी, एवढाच त्याचा संसार आहे. वीज लागत नाही, कागदी गाळणी लागत नाही आणि वाफेचा दाबही लागत नाही. मात्र ‘प्रेस’ या नावामुळे एक गैरसमज घट्ट बसला आहे. दांडा खाली दाबण्याच्या क्रियेत काही कौशल्य आहे आणि तिथेच कॉफी घडते, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ही जाळी म्हणजे आपली चहाची गाळणीच, फक्त तिला दांडा लावलेला आहे. चहा गाळणीमुळे चांगला झाला असे कोणी म्हणत नाही. प्रेसमधली कॉफीसुद्धा दांडा हलण्यापूर्वीच चांगली किंवा वाईट झालेली असते, आणि ती कशामुळे होते हे समजून घेतले की बाकीचे काम सोपे आहे.

नाव फ्रेंच असले तरी आजच्या प्रेसच्या घडणीशी इटलीचाही मोठा संबंध आहे. मिलानमधील अत्तिलिओ कालिमानी यांनी १९२९मध्ये अशा साधनाचे पेटंट घेतले. पुढे युरोपभर त्याचा प्रसार झाला आणि गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या स्वयंपाकघरांतही हे भांडे दिसू लागले. बहुतेक वेळा ते कोणाच्या तरी वाढदिवसाला भेट म्हणून येते, दोन-तीनदा वापरले जाते, कॉफी गढूळ आणि कडू लागते म्हणून फळीवर वर जाते, आणि मग त्यात चमचे उभे केले जातात. माझ्या घरीही आरंभी असेच झाले. दुकानातून आणलेली तयार फिल्टर कॉफीची पूड घातली, उकळते पाणी ओतले, चार मिनिटांनी दांडा दाबू लागलो तर तो मध्येच अडकला. मी दोन्ही हातांनी जोर लावला आणि झाकणाच्या कडेने गरम कॉफीची चिळकांडी थेट भिंतीवर उडाली. हात भाजला नाही हे नशीब. दोष भांड्याचा नव्हता, पुडीचा होता. पीठ झालेल्या कॉफीने जाळीची सगळी छिद्रे बुजली होती. दांडा अडकला तर जोर कधीही लावू नये. तो थोडा वर घ्यावा, क्षणभर थांबावे आणि पुन्हा हलक्या हाताने खाली न्यावा.

कोणती कॉफी घ्यावी

पहिली गोष्ट, गरम दुधात टाकली की विरघळणारी इन्स्टंट कॉफी या भांड्यात निरुपयोगी आहे. ती एकदा तयार करून वाळवलेली कॉफी असते. तिच्यात गाळण्यासारखे काही उरलेलेच नसते. दुसरी गोष्ट चिकरीची. चिकरी हे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ आहे. ती कॉफीला गडद रंग, दाटपणा आणि एक कडसर गोडवा देते, म्हणून दक्षिणी पद्धतीच्या दूध घातलेल्या फिल्टर कॉफीत ती शोभते. प्रेसमध्ये मात्र ती विरघळून पाणी चिकट करते आणि कॉफीची मूळची चव झाकून टाकते. आपल्या अन्नविषयक नियमांप्रमाणे कॉफी आणि चिकरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. म्हणजे जवळजवळ निम्मी चिकरी असलेले पाकीटही कायदेशीरच असते. तेव्हा पाकीट उलटून पाहावे. मुंबईत माटुंग्यासारख्या ठिकाणी समोर दळून देणारी दुकाने आहेत. तिथे ‘चिकरी किती?’ हा प्रश्न आपोआप येतो, त्याला ‘नको’ म्हणावे आणि लगेच ‘जाड दळा’ असेही सांगावे, कारण तिथले यंत्र सहसा फिल्टरसाठी लागणाऱ्या बारीक दळणावर लावलेले असते.

बाजारात मिळणारी बहुतेक भारतीय कॉफी कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतल्या डोंगरउतारांवरून येते. विदर्भात चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडे आहेत, पण आपल्या हाती पडणारे पाकीट बहुधा चिकमगळूर किंवा कोडगूचे असते. पाकिटावर अरेबिका की रोबस्टा हे पाहावे. रोबस्टामध्ये कॅफीन जवळपास दुप्पट असते आणि तिची चव जाड, कडसर असते. अरेबिकामध्ये फळासारखी आंबटगोड छटा जास्त असते. काळी कॉफी पिणाऱ्याने अरेबिकापासून सुरुवात करावी, आणि दूध घालणाऱ्याने थोडी रोबस्टा मिसळलेली घेतली तरी चालेल. ‘प्लँटेशन’ असे लिहिलेले असेल तर ती फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका असते. ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल दाणा धरलेला असतो ती. नवशिक्याने पीबेरीच हवी असा हट्ट धरण्याचे कारण नाही. ज्यांना कॉफीचा आंबटपणा अजिबात सोसत नाही त्यांनी ‘मॉन्सून्ड मलबार’ घेऊन पाहावी. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात हे दाणे मुद्दाम उघडे ठेवले जातात. ते ओलावा घेऊन फुगतात, फिकट पिवळसर होतात आणि त्यांतला आंबटपणा बराच उतरतो. प्रेसमधल्या दाट कॉफीला हे दाणे चांगले जमतात असा माझा अनुभव आहे.

जातीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे भाजल्याची तारीख. चांगले विक्रेते ती पाकिटावर छापतात. भाजल्यानंतर दाण्यांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून पाकिटाला एकेरी झडप असते. भाजल्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉफी केली तर ती फार फेसाळते आणि चव बसत नाही; साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून महिनाभर ती ऐन बहरात असते. म्हणून एकदम किलोभर न आणता पाव किलो आणावी. ती हवाबंद डब्यात, उजेड आणि उष्णता यांपासून दूर ठेवावी. फ्रिजमध्ये ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण डबा रोज बाहेर काढला की थंड दाण्यांवर दमट हवेतले पाणी धरते, शिवाय शेजारच्या भाजीचा वासही लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात बिस्किटे जशी सादळतात तशीच कॉफीही सादळते. तिथे लहान-लहान डब्यांत वाटणी करून एका वेळी एकच डबा उघडणे बरे.

दळण

प्रेसच्या कॉफीचे निम्मे यश दळणात आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. कॉफीचा कण जितका बारीक, तितके पाणी त्यातले सगळे लवकर ओढून घेते. पाण्यात आधी आंबट घटक उतरतात, मग गोडवा येतो आणि शेवटी कडू-तुरट घटक येतात. प्रेसमध्ये कॉफी पाण्यात कित्येक मिनिटे बुडून राहते, त्यामुळे पिठासारखी बारीक पूड या वेळात शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचते आणि कप कडू होतो. त्यातच धातूच्या जाळीतून ती निसटून कपात येते. याउलट कण फारच जाड राहिले तर त्यांच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचतच नाही आणि कॉफी पाणचट, आंबूस लागते.

दळण किती जाड हवे हे मिलीमीटरमध्ये सांगून स्वयंपाकघरात कोणाला उपयोग नाही. आपल्याकडे त्यासाठी उत्तम माप आहे, ते म्हणजे रवा. बारीक रव्यासारखी कॉफी प्रेससाठी फार बारीक झाली, लापशीच्या रव्यासारखी झाली तर फार जाड. या दोहोंच्या मधला, इडलीच्या रव्याच्या आसपासचा दाणा हवा. चिमटीत धरून चोळले की कण वेगवेगळे जाणवले पाहिजेत आणि बोटांना पीठ चिकटता कामा नये.

यासाठी हाताने फिरवायची लहान चक्की सर्वांत चांगली. तिच्यात जात्याच्या दोन दगडांप्रमाणे दोन दातेरी भाग असतात आणि दाणा त्यांच्यातल्या ठरावीक फटीतून भरडून खाली येतो, म्हणून सगळे कण जवळपास सारखे निघतात. मिक्सरमध्ये दळण होत नाही, पाते दाण्यांना तोडत फिरते. त्यामुळे एकाच भांड्यात पीठही होते आणि अर्धे दाणेही तसेच राहतात. ज्याला रोज कॉफी प्यायची आहे त्याने महागड्या प्रेसवर खर्च करण्याऐवजी साधी प्रेस आणि बरी चक्की घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. काचेच्या भांड्याच्या किमतीने कॉफीच्या चवीत काडीचाही फरक पडत नाही.

पण चक्की येईपर्यंत मिक्सरवर भागवता येते. चटणीच्या लहान भांड्यात एका वेळी तीस-चाळीस ग्रॅमच दाणे घ्यावेत. मिक्सर सलग न फिरवता दोन-दोन सेकंद फिरवून थांबावे, भांडे हलवून दाणे वर-खाली करावेत आणि असे आठ-दहा वेळा करावे. सलग फिरवल्यास पाते तापते आणि कॉफीचा सुगंध कपाऐवजी स्वयंपाकघरात पसरतो. त्यानंतर ही भरड पिठाच्या चाळणीने हलकेच चाळावी. खाली पडलेले पीठ प्रेसमध्ये घालू नये, आणि फेकूही नये. दुधात उकळून करायच्या कॉफीला ते चालते. वर राहिलेल्या अखंड तुकड्यांना पुन्हा एकदा मिक्सर दाखवावा. या एका चाळण्याने कपातला गाळ किती कमी होतो हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही. मात्र ज्या भांड्यात आदल्या दिवशी गोडा मसाला दळला असेल त्यात कॉफी दळायची असेल तर आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून भांडे पुसून घ्यावे. लसणाच्या चटणीच्या भांड्याला हा उपायही पुरत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नये.

दळायचे ते करण्याच्या वेळी, तेवढेच. अख्खा दाणा आठवडेच्या आठवडे टिकतो, दळलेली कॉफी काही तासांतच उतरू लागते.

प्रमाण आणि पाणी

एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम कॉफी, हे सुरुवातीचे प्रमाण लक्षात ठेवावे. अर्ध्या लिटरला ३० ग्रॅम, पाव लिटरला १५ ग्रॅम. चोथा आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणून अर्धा लिटर पाणी ओतल्यावर हाती साधारण ४३० ते ४४० मिलिलिटर कॉफी येते, म्हणजे दोन मोठे मग. प्रेसच्या खोक्यावरच्या ‘आठ कप’ या शब्दांवर विसंबू नये. ते कप युरोपीय मापाचे, जेमतेम १२० मिलिलिटरचे असतात आणि ‘आठ कपां’चे भांडे म्हणजे एक लिटरचे भांडे. दोघांसाठी अर्ध्या लिटरच्या आसपासची प्रेस पुरते. मोठ्या भांड्यात अगदी थोडी कॉफी केली तर जाळी नीट खाली पोचत नाही आणि पाणीही लवकर निवते.

स्वयंपाकघरातला साधा इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर दाणे आणि पाणी दोन्ही त्यावरच मोजावे. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम धरला तर वेगळे मापपात्र लागत नाही. चमच्याने मोजणाऱ्यांची अडचण अशी की गडद भाजलेले दाणे वजनाला हलके असतात, त्यामुळे चमचा तोच असला तरी कॉफी कमी-जास्त होते. काटा नसेलच तर कोणाचा तरी काटा एकदा वापरून आपल्या चमच्यात किती ग्रॅम मावते ते पाहून ठेवावे, आणि पाकीट बदलले की पुन्हा पाहावे.

पाण्याचे तापमान ९२ ते ९६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. थर्मामीटर घेऊन बसण्याची गरज नाही. पाणी उकळले की गॅस बंद करावा, अर्धा-पाऊण मिनिट थांबावे आणि ओतावे. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळते, पुण्यात ९८ अंशांच्या आसपास, आणि महाबळेश्वरला तर साडेपंच्याण्णवच्या जवळ, म्हणजे तिथे उकळते पाणी थेट ओतले तरी ते योग्यच तापमानाचे असते. फिकट भाजलेल्या दाण्यांना पाणी अधिक गरम लागते, गडद भाजलेल्यांना थोडे निवलेले मानवते.

पाण्याच्या जातीकडे मात्र फारच थोडे लोक लक्ष देतात. कपात कॉफीपेक्षा पाणीच कितीतरी जास्त असते. बोअरचे क्षारयुक्त पाणी कॉफीतला आंबटगोडपणा मारून टाकते आणि चव खडूसारखी सपाट होते. मराठवाड्यात, सोलापूरकडे किंवा पुण्याच्या टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नसेल. उलट आरओ यंत्राचे पाणी इतके रिते असते की कॉफी तीक्ष्ण आणि पोकळ लागते. एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास असावेत असे कॉफीच्या व्यवसायात मानतात. आरओच्या पाण्यात थोडे साधे पाणी मिसळून, टीडीएस म्हणजे हेच विरघळलेले क्षार मोजायच्या स्वस्त मापकाने पाहत हा आकडा गाठता येतो. ते साधे पाणी पिण्यायोग्य असावे आणि उकळलेलेच असावे, हे वेगळे सांगायला नको. तलावाचे पाणी पिणाऱ्या मुंबईकरांना यातले काही करावे लागत नाही, नळाचे पाणी साधे गाळून घेतले तरी पुरते.

प्रत्यक्ष कृती

दोन मग कॉफीसाठी अर्धा लिटर पाणी धरू, आणि भांडे गरम करण्यासाठी वाटीभर जास्त. पाणी उकळू लागले की आधी ते वाटीभर पाणी प्रेसमध्ये घालून फिरवावे आणि ओतून द्यावे. थंड काचेत एकदम उकळते पाणी पडू नये म्हणून हे करावे, आणि कॉफी गरम राहते हा दुसरा फायदा. हिवाळ्यात नागपूरला किंवा नाशिकला सकाळी हे विसरू नये.

गरम झालेल्या भांड्यात ३० ग्रॅम ताजी दळलेली कॉफी घालावी, भांडे हलवून ती सपाट करावी, घड्याळ लावावे आणि पाणी ओतायला सुरुवात करावी. पाणी सगळीकडे पडेल, कोरडा गोळा कुठे राहणार नाही, अशा बेताने पंधरा-वीस सेकंदांत सगळे अर्धा लिटर ओतून टाकावे. कॉफी ताजी असेल तर ती लगेच फुगून वर येते आणि तिच्यावर तपकिरी फेसाची टोपी बसते. ती अजिबात फुगली नाही तर दाणे जुने आहेत असे समजावे. काही जण आधी थोडे पाणी घालून अर्धा मिनिट थांबतात आणि मग उरलेले ओततात. कागदी गाळणीच्या पद्धतीत त्याला अर्थ आहे, इथे सगळी कॉफी पाण्यातच राहणार असल्यामुळे मला त्याने फरक पडलेला दिसला नाही. झाकण ठेवावे, दांडा मात्र वरच ठेवावा.

चार मिनिटे झाली की झाकण काढावे. वर चोथ्याचा जाड थर साचलेला असेल. चमच्याने तो दोन-तीनदा हलकेच मोडावा. बराचसा चोथा आपोआप तळाशी जाऊ लागतो. वर जो फेस आणि तरंगणारे कण उरतात ते दोन चमच्यांनी उचलून टाकावेत, डाळ शिजताना वरचा फेस काढतो तसे. कॉफीची प्रत ठरवणारे परीक्षकही वाटीत भरडलेली कॉफी आणि गरम पाणी घेऊन चार मिनिटांनी हा थर चमच्याने मोडतात आणि मग चव घेतात.

आता खरी कसोटी, ती म्हणजे थांबण्याची. बहुतेक पाकिटांवर ‘चार मिनिटांनी दाबा’ असे लिहिलेले असते आणि तिथेच कॉफी गढूळ होते. फेस काढल्यावर आणखी पाच मिनिटे भांड्याला हात लावू नये. २००७ची जागतिक बरिस्ता स्पर्धा जिंकलेले इंग्लंडचे जेम्स हॉफमन यांनी ही थांबण्याची पद्धत लोकप्रिय केली, आणि तिच्यामागचे कारण आपल्याला अनोळखी नाही. तुरटी फिरवलेले पाणी जसे निवळायला वेळ घेते तशी ही कॉफी या पाच मिनिटांत निवळते. बारीक कण खाली बसतात. या काळात ती जास्त कडू होईल अशी भीती वाटते, पण दळण जाड असेल आणि चोथा तळाशी शांत पडला असेल तर चार मिनिटांनंतर पाण्यात फार काही नवे उतरत नाही. पाणीही एव्हाना निवत चाललेले असते. तोंड भाजणारी कॉफी पिण्याची सवय असलेल्यांना ही जरा कोमट वाटेल. त्यांनी कॉफी ओतण्यापूर्वी प्यायचे मग गरम पाण्याने विसळून घ्यावेत.

शेवटी झाकण बसवून जाळी खाली आणावी, ती कॉफीच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकेल इतकीच. तळापर्यंत दाबायची गरज नाही. दाबले की निवळलेला गाळ पुन्हा ढवळला जातो आणि नऊ मिनिटे थांबून मिळवलेले सगळे जाते. जाळी तिथेच ठेवून, भांडे हळूहळू वाकवत कॉफी मगात ओतावी. तळातला शेवटचा घोटभर भाग भांड्यातच सोडावा. उरलेली कॉफी प्रेसमध्ये तशीच ठेवू नये, कारण चोथ्यावर अर्धा तास राहिलेली कॉफी तुरट होतेच; दुसऱ्या कपासाठी ठेवायची असेल तर थर्मासमध्ये काढून घ्यावी.

धातूची जाळी कॉफीतले तेल अडवत नाही, त्यामुळे प्रेसच्या कॉफीला तो भरदार, जिभेवर रेंगाळणारा दाटपणा येतो. त्याच तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो आणि तो रक्तातले वाईट समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी गाळणीत तो बव्हंशी अडकतो. ज्यांना आधीच कोलेस्टेरॉलचा त्रास आहे त्यांनी रोज तीन-चार कप प्रेसची कॉफी पिण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, किंवा तयार कॉफी कागदी गाळणीतून पुन्हा गाळून घ्यावी.

चव जमली नाही तर

पहिल्याच दिवशी मनासारखी कॉफी होईलच असे नाही. अशा वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कॉफी आंबूस आणि पाणचट लागली तर आधी दळण थोडे बारीक करावे. त्याने भागले नाही तर पाणी अधिक गरम घ्यावे. कडू आणि घशाला तुरट लागली तर दळण जाड करावे, किंवा ती पूड चाळली होती का ते आठवून पाहावे. चव चांगली पण फार जड किंवा फार हलकी वाटत असेल तर दळणाला हात न लावता प्रमाण बदलावे, अर्ध्या लिटरला ३० ऐवजी २७ किंवा ३३ ग्रॅम. या दोन तक्रारी लोक नेहमी एकत्र करतात. ‘कडक’ आणि ‘कडू’ हे वेगळे शब्द आहेत, आणि कॉफी कडू झाली म्हणून तिचे प्रमाण कमी केले की ती कडूही राहते आणि पाणचटही होते. गडद, जवळजवळ काळे भाजलेले तेलकट दाणे आणले असतील तर त्यांचा कडवटपणा कोणत्याही युक्तीने जात नाही. दाणे बदलावेत.

दुधाची कॉफी

कॉफी म्हणजे दुधाचीच, असे मानणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांनी प्रेस वापरू नये असे मुळीच नाही. फक्त प्रमाण वाढवावे: ४०० मिलिलिटर पाण्याला ४० ग्रॅम कॉफी, बाकी कृती तीच. दूध वेगळे गरम करावे आणि तयार कॉफीत घालावे. कॉफी आणि दूध एकत्र उकळू नये आणि प्रेसमध्ये पाण्याऐवजी दूध तर कधीच ओतू नये, जाळीत साय अडकली की ती निघता निघत नाही. जुन्या मराठी घरांत पाहुण्यांसाठी कॉफी व्हायची ती जायफळ घातलेली, आणि तो वास आला की आज चहा नाही हे बाहेरच्या खोलीतही कळायचे. प्रेसच्या कॉफीलाही जायफळ छान लागते, पण ते दळणात न मिसळता दूध घातल्यावर कपातच दोन-तीनदा किसावे. त्यासाठी रोबस्टा मिसळलेली कॉफी वापरावी. नाजूक अरेबिका जायफळापुढे टिकत नाही.

मे महिन्यात हेच भांडे थंड कॉफीसाठी कामी येते. ६० ग्रॅम जाड दळलेली कॉफी आणि ६०० मिलिलिटर साधे पाणी ढवळून, झाकून रात्रभर, बारा ते चौदा तास फ्रिजमध्ये ठेवावे आणि सकाळी गाळून बर्फ व पाणी घालून प्यावे. ती जवळजवळ आंबट नसते आणि बंद बाटलीत फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते.

धुणे

चोथा ओट्याच्या मोरीत कधीही ओतू नये, तो नळीच्या वाकणात बसतो आणि एक दिवस प्लंबर बोलवावा लागतो. भांड्यात थोडे पाणी घालून गरगर फिरवावे आणि जुन्या गाळणीतून ओतावे. गाळणीतला चोथा कंपोस्टच्या डब्यात जातो, किंवा कुंडीतल्या मातीत थोडा-थोडा मिसळता येतो. वरून जाड थर दिला तर मात्र त्याची पापडी धरते आणि पाणी आत जात नाही.

रोज नुसते विसळून ठेवलेल्या प्रेसच्या जाळीत कॉफीचे तेल साचते आणि ते काही दिवसांत खवट होते. दाणे ताजे, दळण नीट, पाणी चांगले आणि तरीही कपाला जुन्या शेंगदाण्यांसारखा वास येतो, तेव्हा बहुधा हेच कारण असते. आठवड्यातून एकदा दांड्याच्या टोकाचा आटा फिरवून जाळी, भोकांची चकती आणि कडेला स्प्रिंग असलेली चकती असे तिन्ही भाग सुटे करावेत, गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवून ठेवावेत आणि मऊ ब्रशने घासावेत. काचेला तारेची घासणी लावू नये, ओरखडा पडलेली काच पुढे गरम पाण्याने तडकू शकते. भाग काढताना त्यांचा क्रम मोबाइलवर टिपून ठेवलेला बरा, कारण जाळी उलटसुलट बसली तर कडेने फट राहते. जाळीची कड वाकली किंवा तार सुटली तर ती सरळ करत बसू नये; भांड्याच्या आतल्या व्यासाचे माप घेऊन नवी जाळी मागवावी, ती सुटी मिळते.